मळीपासून उताऱ्यापर्यंत : व्यसनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

एक टन ऊस गाळला की आपल्या कोल्हापूरच्या पट्ट्यात एकशेवीस किलोंच्या आसपास साखर निघते. रस शिजवायचा, दाणा वेगळा काढायचा, पुन्हा शिजवायचा. असं करत करत आता यातून साखर सुटत नाही म्हटल्यावर जे काळं, दाट, चिकट उरतं ती मळी. टनामागे चाळीस-पंचेचाळीस किलो. ती पाण्यात पातळ करून आंबवली आणि तिचं ऊर्ध्वपातन केलं की दहाएक लिटर मद्यार्क हाती येतो. एकरी पन्नास टनांचा फड असेल तर त्या एका एकरात पाचशे लिटर मद्यार्क उभा आहे. त्यातला बराचसा आज पेट्रोलमध्ये मिसळला जातो, काही औषधांत आणि जंतुनाशकांत जातो, आणि काही पाणी नि स्वाद घालून देशी दारूच्या बाटलीत भरला जातो.

व्यसनाचा अभ्यास मी मेंदूपासून न सुरू करता मळीपासून सुरू करतो. वारणानगरात बसून हा विषय शिकणाऱ्याला त्याच्या बाहेर उभं राहायची सोयच नाही. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात या माळावर सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला. मागून दूध संघ आला, महाविद्यालयं आली, बाजार आला, पोरांचा वाद्यवृंद आला. इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या फीमध्ये कुठे ना कुठे उसाचं बिल आहे. मळीचा यात काही दोष नाही, कारखान्याचाही नाही. पण दारू ही कुठून तरी बाहेरून आलेली पीडा आहे आणि आपण तिला हाकलायला बसलोय, हा पवित्रा इथे टिकत नाही. तो सोडला की विषय फार रंजक होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कुणी दारूत बुडालं की गाव पहिला प्रश्न विचारतं, ‘का पितो?’ उत्तरं तयारच असतात. बायको गेली म्हणून, संगत लागली म्हणून, जमीन विकून पैसा आला म्हणून, पैसा संपला म्हणून. सगळी उत्तरं थोडीथोडी खरी असतात आणि एकाचाही फारसा उपयोग होत नाही. हा विषय पुढे नेला तो वेगळे प्रश्न विचारणाऱ्यांनी. किती पितो? दिवसातला पहिला घोट केव्हा? दुकान घरापासून किती लांब? पैसे कुणाचे? प्यायली नाही तर दुसऱ्या दिवशी काय होतं? हे प्रश्न रुक्ष वाटतात. त्यांत ना नीती आहे, ना करुणा. पण उत्तरं मोजता येतात, आणि मोजता आली की माणसाबद्दलचा राग थोडा बाजूला ठेवता येतो.

‘किती’पासूनच सुरुवात करू. ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिलिलिटर. लेबल नीट वाचलं तर देशी असो की विदेशी, त्यावर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा सापडतो. म्हणजे त्या बाटलीत ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, वजनाने सुमारे ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमचा एक ‘पेला’ धरते, तेव्हा ‘एक क्वार्टरच घेतो हो’ म्हणणारा माणूस सहा पेले घेत असतो. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळतं. लिंबू-पाणी, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री नऊला संपवलेली क्वार्टर रक्तातून जायला पहाटेचे तीन ते साडेपाच वाजतात. आता हंगामातला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मावेल त्याहून जास्त ऊस, आणि पहाटे चारला कारखान्याच्या यार्डात नंबर लावायची घाई. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. रात्री झोपून उठलेला तो चालक स्वतःला शुद्धीवर समजत असतो. बेरीज-वजाबाकी करून आपण सांगू शकतो की कदाचित तो नाही. वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावर चुळबूळ सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

शरीरात पुढे काय होतं ते समजायला एक चित्र पुरेसं आहे. मेंदूत शांत करणारी आणि चेतवणारी अशी दोन तऱ्हेची रसायनं रस्सीखेच खेळत असतात. दारू रोज शांत करणाऱ्या बाजूला जाऊन ओढू लागते. मेंदूही स्वस्थ बसत नाही, तो चेतवणाऱ्या बाजूला माणसं वाढवत जातो. काही महिन्यांनी, वर्षांनी दोन्ही बाजू पुन्हा सारख्या होतात. तेव्हा तो माणूस पिऊन धुंद होत नाही, पिऊन ‘नॉर्मल’ होतो. ‘त्याला पाऊण बाटली पचते’ असं कौतुकाने म्हणतात ती हीच अवस्था. आणि मग एके दिवशी दारू दोर सोडून देते. समोरची वाढीव माणसं एकदम झेपावतात. हात थरथरतात, घाम फुटतो, ओकारी येते, झोप उडते, काहींना फिट येते. सकाळी थरथरत्या हातांनी घेतलेला उतारा हा मौजेचा घोट नसतो, ते त्याचं त्या क्षणापुरतं औषध असतं. म्हणून डॉक्टर सकाळच्या घोटाबद्दल आवर्जून विचारतात.

याचं सगळ्यात ठसठशीत रूप अस्थिरोगाच्या वॉर्डात दिसतं. दुचाकीवरून पडून पाय मोडलेला माणूस भरती होतो. पहिला दिवस वेदनेत जातो. दुसऱ्या दिवशी तो चिडचिडा होतो, चादर चाचपत राहतो. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवरून मुंग्या चालताना दिसतात, तो सलाईन उपटतो, नसलेल्या बैलांना हाका मारतो. नातेवाईक म्हणतात डोक्याला मार लागला, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. खरं कारण एवढंच, की गेले तीन दिवस त्याला दारू मिळालेली नाही आणि भरती करताना कुणी विचारलं नाही, किंवा घरच्यांनी लाजेपोटी सांगितलं नाही. ही अवस्था साधारण दोन ते चार दिवसांत येते, उपचार न झाल्यास जिवावर बेतते, आणि वेळेवर ओळखली तर योग्य गोळ्या-इंजेक्शनांनी आवरते. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. जेवण सोडून पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेलं नसतं, आणि त्याच्या अभावी मेंदूचा स्मृतीचा भाग कायमचा निकामी होऊ शकतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१मध्ये या विकाराचं वर्णन केलं. इतकं जुनं ज्ञान आणि इतकं स्वस्त औषध असूनही ते चुकतं, कारण विचारायचा प्रश्न विचारला जात नाही.

यकृताला चरबी, मग सूज, मग सिरोसिस आणि पोटात पाणी, हा क्रम आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, म्हणून इथे रेंगाळत नाही. कमी ठाऊक असलेली गोष्ट कर्करोगाची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला नक्की कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८मध्येच घातलं आहे, तंबाखूच्या पंगतीत. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांत स्तन. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे वाक्य आपल्याकडे डॉक्टरांच्या नावावर खपतं. त्यामागचा पुरावा गेल्या काही वर्षांत पुष्कळ पातळ झाला आहे.

आता मराठीतल्या वारशाकडे वळू. दारूचा विषय निघाला की आपल्याला ‘एकच प्याला’ आठवतं. गडकरींच्या मृत्यूनंतर महिनाभरात, फेब्रुवारी १९१९मध्ये ते रंगभूमीवर आलं. सनद काही काळासाठी रद्द झालेला सुधाकर वकील, त्याला पहिला प्याला पुढे करणारा कारकून तळीराम, सोसत राहणारी सिंधू. चढत्या व्यसनाची निरीक्षणं या नाटकात विलक्षण बारकाईने आली आहेत, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण या नाटकाने आपल्याला एक खोडही लावली, असं माझं मत आहे. थोर मनाचा माणूस, एक घाव, एक प्याला आणि ऱ्हास : व्यसन म्हटलं की आपण याच कथेची वाट पाहतो. अभ्यासकाने तळीरामाकडे जास्त बघावं. मंडळ कोण जमवतो, पहिला पेला फुकट का असतो, ‘आज नको’ म्हणणाऱ्याला गप्प कसं केलं जातं, हे सगळं त्याच्याकडे आहे. आखाडातल्या रस्सा-मटणाच्या पंगतीत, निवडणुकीच्या जेवणावळीत, गटारीला, कुठल्याही ढाब्यावर तो आजही भेटतो, आणि माणूस म्हणून तो वाईट असतोच असं नाही.

दुसरा वारसा कमी आठवला जातो. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८०मध्ये महात्मा फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. त्यांचा रोख पिणाऱ्याच्या स्वभावावर नव्हता, दुकानावर आणि त्यातून सरकारला मिळणाऱ्या पैशावर होता. गडकरींनी प्याला दाखवला, फुल्यांनी दुकान दाखवलं. या विषयात येणाऱ्याला दोन्ही सारखेच नीट दिसले पाहिजेत. बहुतेकांना जन्मभर एकच दिसतं. डॉक्टरांना प्याला दिसतो, कार्यकर्त्यांना दुकान.

दुकानाचं, म्हणजे जागेचं महत्त्व किती, हे ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी दाखवून दिलं. व्हिएतनाममधून १९७१मध्ये परतलेल्या सैनिकांचा त्यांनी पाठपुरावा केला. तिथे असताना पाचातला जवळपास एक जण हेरॉईनच्या पुरता आहारी गेला होता. सरकारला धडकी भरली होती. पण मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा त्या गर्तेत गेले. पदार्थ तोच, मेंदू तेच. सोबत, भीती, कंटाळा आणि हाताशी मिळणं, एवढंच बदललं होतं. याचा अर्थ व्यसन हा आजार नाही असा नव्हे. जागा बदलली की आजाराची वाटही बदलते, इतकाच त्याचा अर्थ. फडावरच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड जोडप्याबद्दल विचार करताना हे ध्यानात ठेवा. पहाटेची थंडी, कोयत्याने भरून आलेले हात, मुकादमाची फेडायची उचल, आणि संध्याकाळी मोकळं व्हायला दुसरी जागाच नाही.

सरकारचा इतिहास वाचताना गंमत आणि संताप दोन्ही वाट्याला येतात. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. तो आजही लागू आहे, फक्त नावात आता महाराष्ट्र आहे. कागदोपत्री पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो परवाना आरोग्याच्या नावाने मिळतो. पूर्ण बंदीच्या वर्षांत हातभट्टीला सुगीचे दिवस आले. काळा गूळ आणि नवसागर यांचं रसायन नदीकाठच्या झुडपांत पिंपात पुरून ठेवायचं, रबरी फुग्यांतून माल वाहायचा, ही सारी विद्या त्या काळात पक्की झाली. गुळाच्या मुलखात कच्चा माल शोधायला लांब जावं लागत नव्हतं. शेवटी बंदी सैल झाली, १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले, दुकानांना परवाने मिळाले, आणि राज्य उत्पादन शुल्क हा तिजोरीचा मोठा आधार झाला. एकाच सरकारचा एक विभाग दारूच्या विक्रीतून महसूल जमवतो आणि दुसरा व्यसनमुक्तीची पोस्टरं छापतो. अभ्यासकाने यावर नुसतं हसून पुढे जाऊ नये. त्याने दोन्ही विभागांचे वार्षिक अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

बंदी नको तर नको, पण चोरटी दारू किती जीवघेणी ठरते हे मालवणीने दाखवलं. जून २०१५मध्ये मुंबईच्या मालाड-मालवणीत शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने मेली. त्याआधी २००४मध्ये विक्रोळीतही असंच घडलं होतं. दोषी मिथेनॉल, म्हणजे उद्योगात वापरला जाणारा मद्यार्काचा भाऊबंद. चवीला, वासाला फारसा फरक नाही. पण यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि रक्त आंबवतं. पहिले काही तास माणूस ठीक असतो, मग त्याला सगळं धुक्यासारखं पांढुरकं दिसू लागतं. दवाखान्यात यावर उतारा म्हणून कधी चक्क शुद्ध मद्यार्कच दिला जातो. यकृत त्यात गुंतून राहतं आणि तोवर मिथेनॉल बाहेर काढता येतं.

बायकांनी दुकानाचा प्रश्न स्वतःच्या हाती कसा घेतला, ते तर आपल्याच भागात येऊन पाहावं. २००८च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. ‘बाटली आडवी’ ही घोषणा सातारा-सांगली-कोल्हापुरात गावोगाव घुमली. पण नियमातली मेख बारकाईने वाचा. झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मतं पुरत नाहीत, एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. जी ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी लग्न होऊन गेली पण यादीत राहिली, जी वारली पण नाव उरलं, ती प्रत्येक जण नकळत उभ्या बाटलीच्या बाजूची ठरते. मतदार यादीची दुरुस्ती हा व्यसनमुक्तीचा विषय आहे, असं मी म्हणतो तेव्हा नवे विद्यार्थी बुचकळ्यात पडतात.

पैशाचा माग काढायचा तर घरात शिरावं लागतं. उसाचं बिल वर्षातून मोजक्या वेळा, मोठ्या रकमेने, बहुधा पुरुषाच्या खात्यावर येतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, लहान रकमेचं, आणि धारा काढणाऱ्या बाईला त्याचा पैन् पैचा हिशोब तोंडपाठ असतो. पिणारा घरात असला की ती डेअरीत स्वतः जाते, सचिवाला ‘माझ्याबिगर कुणाच्या हातात देऊ नगा’ म्हणून बजावते, पुस्तक कणगीमागे ठेवते. ही उपचारपद्धती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. बिलाच्या दिवशी दुकानावरची गर्दी आणि महिन्याच्या मधल्या दिवसातली गर्दी यांची तुलना कुणीतरी नीट करावी. पदव्युत्तर प्रबंधाला चांगला विषय आहे, फुकट देतो.

दारूपलीकडचं जगही आता लांब राहिलेलं नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आलं, १९८५मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा झाला, आणि २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे गर्दवाल्यांसाठी उघडलेल्या दारातून दारूवालेही मोठ्या संख्येने आत आले, ही गोष्ट बोलकी आहे. आज खेड्यापर्यंत पोचलेलं नाव ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत २०२१मध्ये एका फार्महाउसवर ते बनवण्याचा कारखानाच मुंबई पोलिसांनी पकडला. २०२४मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला धागा सांगलीच्या कुपवाडपर्यंत आला. अफूला शेत लागतं, याला रसायनं आणि ती जुळवणारा एक माणूस पुरतो. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या ओळीवर थांबून विचार करावा.

आणि तंबाखू. निपाणी आपल्यापासून फार लांब नाही, आणि भाजलेल्या तंबाखूची मिशरी हिरड्यांवर फिरवत दिवस सुरू करणाऱ्या आज्ज्या जवळपास प्रत्येक आळीत आहेत. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही. का म्हणत नाही, एवढं शोधलं तरी समाजशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम संपतो.

उपचारांकडे येऊ. दारू प्यायली की त्रास व्हावा अशी गोळी, डायसल्फिरम, कोपनहेगनमध्ये १९४८च्या सुमारास वापरात आली. रबर कारखान्यांत त्या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे त्याआधी लोकांच्या लक्षात आलं होतं. माणसाच्या संमतीने, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली तर ती उपयोगी आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात दिसते, तिथल्या पुडीत काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. हीच गोळी आमटीत चोरून घातली आणि वर त्याने क्वार्टर मारली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. घातलेली असते बायकोने किंवा आईने, प्रेमापोटी. दुसरा मार्ग संगतीचा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात १९३५मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन यांच्या गप्पांतून झाली. तळीरामाचं मंडळ उलटं केलं तर हे मंडळ तयार होतं, असं मला नेहमी वाटतं. त्यांच्या खुल्या सभांना कुणालाही बसता येतं. जा, मागे बसा, वही काढू नका.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं २०१९चं सर्वेक्षण सांगतं की दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे सोळा कोटी, दारू पितात. पाच कोटी सत्तर लाखांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि पुरत्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतो. उरलेले सदतीस कुठे असतात? वॉर्डात दुसऱ्याच आजाराच्या नावाने, शेतात, कोपीत, घरच्या सोप्यावर. तुमचा अभ्यास बहुतांशी त्यांच्याशीच होणार आहे.

म्हणून गावात उतरण्याआधी एक काम पक्कं शिकून घ्या. तुमच्याशी बोलून भारावलेला माणूस कधीतरी म्हणेल, ‘सर, उद्यापासनं बंद.’ पाठ थोपटण्याआधी विचारा : सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? हात थरथरतात का? पूर्वी सोडली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? यातल्या एकालाही ‘होय’ आलं, तर त्याला घरी एकदम बंद करायला लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या, बरोबर घरचं कुणीतरी घ्या, आणि डॉक्टरांना शेवटचा घोट किती वाजता घेतला ते आकड्यात सांगा. वाटेत शंका आली तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, दोन्ही फुकट. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, प्रश्नावली दुसऱ्या पानापासून सुरू करा.